वाकड्या दाताची कवळी

मित्रांनो, आधी हसून घ्या. सगळेच हसतात, मला सवय आहे. मी एक जुनी कवळी आहे. वरच्या जबड्याची, चौदा दातांची. खरं तर आता तेराच उरलेत. चौदावा कुठं गेला ते सांगायलाच तर आज मी तोंड उघडलंय.

माझा जन्म एका दवाखान्यामागच्या खोलीत झाला. डॉक्टर पुढच्या खोलीत दात काढायचे आणि माझा कारागीर मागच्या खोलीत दात करायचा. तिथं जिकडेतिकडे प्लास्टरची पांढरी पूड असायची, शेगडीवर मेण वितळत असायचं आणि फळीवर लोकांच्या जबड्यांचे साचे ओळीनं मांडलेले असायचे. त्यानं शेकडो कवळ्या केल्या. पण माझ्यावर त्यानं सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण मी त्याच्या बायकोची होते.

बाईंच्या हिरड्या फार दुखायच्या. चाळिशीतच त्यांचे वरचे सगळे दात काढावे लागले. दोन महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत. दार वाजलं की आधी हात तोंडावर जायचा, मग कडी निघायची. कारागिरानं त्यांच्या टाळूचा ठसा घेतला, साचा केला आणि मेणात एकेक दात बसवून पाहिला. डावीकडचा दुसरा दात त्यानं मुद्दाम किंचित आडवा लावला.

डॉक्टर म्हणाले, "अहो, हा चुकला वाटतं."

"चुकला नाही. तिचा तसाच होता. सरळ लावला तर सकाळी उठून मी म्हणायचो, ह्या कोण बाई आमच्या घरात?"

असा माझा कारागीर. तसा गमत्या, पण एका गोष्टीवर त्याचं डोकं फिरायचं. एखादा माणूस मोडकी कवळी घरीच गोंदानं चिकटवून घेऊन आला, की हा चष्मा कपाळावर चढवायचा आणि ओरडायचा, "गोंद लावलात? आता मी काय करू?" कारण गोंदानं तुकडे केसभर इकडेतिकडे बसतात आणि पुन्हा कधीच नीट जुळत नाहीत. घरी बाईंनाही त्यानं बजावून ठेवलं होतं, "हिला धुताना बेसिन आधी पाण्यानं भरायचं. हातातून निसटली तरी पाण्यात पडेल."

बाईंनी ते सत्तावीस वर्षं पाळलं. आणि ती सत्तावीस वर्षं मी काय थाटात काढली म्हणून सांगू! सफरचंद चावलं, दाणे फोडले, दूधवाल्याशी भांडले, लेकीला ओरडले, लेकीच्या लग्नात सगळ्यांच्या पुढं बसून हसले. मी खोटी आहे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही, हीच माझी शाबासकी. मला काढलं की बाईंचं नुसतं बोळकं व्हायचं, एक शब्द धड फुटायचा नाही. मला गर्व झाला होता, मित्रांनो. मला वाटायचं, बोलते ती मीच, बाई फक्त वारा घालतात.

मग कारागीर गेला. लेक परदेशी होती, ती येऊन आईला घेऊन गेली. तिकडचं घर विकलं. नव्या देशात बाईंच्या हिरड्या झिजत गेल्या आणि मी सैल झाले. मला घासूनपुसून बसती करणारा हात आता नव्हता. बाई मला जिभेनं वर दाबून धरत आणि वेळ मारून नेत.

लेक म्हणायची, "आई, नवी करून घेऊ ना."

"काही नको. मी गेले की मगच ही काढ."

मला ऐकून बरं वाटायचं.

आणि एक दिवस ते पत्र आलं. दोन वर्षं अर्ज पडून होता. आता तारीख मिळाली होती. सरकारी सभागृहात जायचं, जुना पासपोर्ट टेबलावर द्यायचा, एकेकट्यानं माइकपुढं उभं राहून शपथ म्हणायची, की नागरिक. पण ज्याची तारीख चुकेल किंवा ज्याला शपथ म्हणता येणार नाही, त्याचा अर्ज परत खाली, पहिल्यापासून. बाईंच्या राहण्याचा परवाना महिनाअखेर संपत होता. म्हणजे परत जावं लागलं असतं. कुठं? तिकडं ना घर, ना माणूस.

लेकीनं शपथेच्या नऊ ओळी आपल्या लिपीत लिहून फ्रीजच्या दाराला लावून दिल्या. ती रुग्णालयाच्या धुलाईखात्यात कामाला होती, पहाटेच निघून जायची. बाई दिवसभर भांडी घासता घासता, कपडे घड्या करता करता त्या नऊ ओळी म्हणायच्या. परकी भाषा, परके उच्चार. माझ्या दाताच्या कण्या झाल्या, पण आम्ही दोघींनी त्या नऊ ओळी पाठ केल्याच.

तारखेला तीन दिवस राहिले होते. सकाळी बाई मला धूत होत्या आणि मनातल्या मनात पाचवी ओळ म्हणत होत्या. बेसिन भरायचं राहून गेलं. साबणाचा हात, मी निसटले आणि कोरड्या बेसिनवर आपटले. टक्. एवढासाच आवाज. समोरच्या दोन दातांमधून मागं टाळूपर्यंत मला एक बारीक चीर गेली.

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी मला उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, मग झटकन तोंडात घालून दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं.

लेकीला सांगायला हवं होतं. पण दातांच्या दवाखान्यात आठवडाभर आधी वेळ घ्यावी लागे, हे त्यांना माहीत होतं. लेक म्हणाली असती, 'तारीख बदलून घेऊ.' आणि बदललेली तारीख कधी येणार? महिना संपल्यावर? त्यांनी ब्र काढला नाही.

त्या घटकेपासून मी भीतीत जगले. प्रत्येक घासाला चीर कुरकुरायची. हिरडी चिमटीत सापडायची. बाई पाव चहात बुडवून तसाच गिळायच्या. लेक म्हणाली, "आई, जेवत का नाहीस? शपथेचं टेन्शन घेतलंस ना? अगं, नऊ तर ओळी आहेत!" आणि हसली. बाईही हसल्या, पण ओठ मिटून. दुखतंय का, असं कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे दोन तुकडे झाले.

बाई स्वयंपाकघरात खाली बसल्या. एका तळहातावर सात दात, दुसऱ्यावर सात. मग त्या उठल्या आणि खणातून चपला चिकटवायचा गोंद काढला. झाकण उघडताना कुणाला तरी म्हणाल्या, "अहो, रागावू नका. दुसरं काय करू मी?"

मी केसभर वाकडी जुळले. व्हायचं तेच झालं.

शपथेच्या दिवशी सभागृहात दीडशे खुर्च्या होत्या. बाईंची जागा एकोणिसावी. दारातल्या टेबलावर एका कारकुनानं त्यांचा जुना पासपोर्ट घेतला आणि कात्रीनं त्याचा कोपरा कापला. नवं प्रमाणपत्र शपथेनंतर. म्हणजे त्या टेबलापासून माइकपर्यंत आम्ही कुठल्याच देशाच्या नव्हतो.

शेजारच्या खुर्चीवर एक न्हावी होता. तोही कुठून तरी आलेला, तोही घामाघूम. तो कुजबुजला, "सकाळपासून तीन गिऱ्हाइकांना शपथ म्हणून दाखवली, मावशी. तिसऱ्याचा कान थोडक्यात वाचला."

बाईंना हसू आलं, आणि हसताना गोंद करकरला. अजून सहा माणसं. पाच. चार. बाई जिभेनं मला इतकं दाबून धरत होत्या, की त्यांना श्वास घेता येईना.

नाव पुकारलं. त्या माइकपुढं उभ्या राहिल्या. पहिली ओळ निघाली. दुसरी. चौथीला मी कुरकुरले. पाचवी कशीबशी पार पडली. सहाव्या ओळीच्या शेवटच्या शब्दाला गोंद सुटला आणि माझे दोन तुकडे बाईंच्या जिभेवर पडले.

टेबलामागची अधिकारीणबाई म्हणाली, "बरं वाटत नाही का? आपण नंतर घेऊ या?"

नंतर! मला वाटलं, संपलं सगळं. माझ्यापायी संपलं. जिनं मला इतकी वर्षं जपलं, तिला मी भर सभेत तोंडघशी पाडलं.

बाईंचा हात तोंडाकडं गेला. मला वाटलं, झाकायला. पण त्यांनी बोटं आत घातली, माझे दोन्ही तुकडे बाहेर काढले आणि मुठीत गच्च धरले. दीडशे माणसांसमोर! ज्या बाईचं बोळकं पोटच्या लेकीनंही कधी पाहिलं नव्हतं, त्या बाईनं.

आणि त्या बोलल्या. मित्रांनो, मी मुठीत होते, जीव मुठीत धरून ऐकत होते. सातवी ओळ, आठवी, नववी. अर्धा शब्द, अर्धी हवा. पण ओळ एकही चुकली नाही. त्या तीन ओळी त्यांनी माझ्याशिवाय म्हटल्या. बोलणारी मी नव्हतेच, कधीच नव्हते.

अधिकारीणबाईनं शेजारच्या कारकुनाकडं पाहिलं. तो मान हलवत म्हणाला, "स्पष्ट ऐकू आलं नाही."

मग अधिकारीणबाई खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि आमच्या अगदी जवळ उभी राहिली. "शेवटच्या तीन ओळी परत म्हणा. घाई करू नका. मी इथंच आहे."

बाईंनी परत म्हटल्या. अधिकारीणबाईनं डोळे मिटून ऐकल्या. मग कारकुनाला म्हणाली, "मला ऐकू आलं. लिहा."

लेक मागच्या रांगेतून धावत आली. बाईंचा हात सवयीनं तोंडावर गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

"आई, कधी मोडली ही?"

"परवा."

"आणि मला सांगितलं नाहीस? दुखत होतं?"

"हो गं," बाई म्हणाल्या. "फार." आणि मग रडल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही या देशातल्या दातांच्या कारागिराकडं गेलो. मागची खोली, पांढरी पूड, फळीवर जबडे. सगळं तेच. म्हाताऱ्यानं माझे तुकडे हातात घेतले, चिरेवरून बोट फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्या भाषेत ओरडला, "गोंद लावलात? आता मी काय करू?"

बाई बघतच राहिल्या. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की लेक घाबरली. तो बिचारा कारागीरही घाबरला. परक्या देशात त्यांना कुणीतरी घरच्यासारखं ओरडलं होतं.

नवी कवळी करावी लागली. बाईंनी एकच हट्ट धरला, डावीकडचा दुसरा दात वाकडा हवा. त्यानं पुष्कळ समजावलं, मग माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "ज्यानं हा बसवला, त्याला काम येत होतं." त्यानं माझा तो दात अलगद सोडवला आणि नव्या कवळीत बसवला.

तेव्हापासून मी एका डबीत असते, कोपरा कापलेल्या जुन्या पासपोर्टाशेजारी. दात पडलेली आता मीच झालेय. स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज येतो, लेकीशी कशावरून तरी चाललेलं असतं. त्यात माझा एक दात आहे. एवढं मला पुरतं.

मित्रांनो, कवळी धुताना बेसिन आधी पाण्यानं भरा आणि गोंदाला हात लावू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस अचानक ओठ मिटून हसायला लागलं, पाव चहात बुडवून गिळायला लागलं, तर पुढं जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, "दुखतंय का?"