भोंग्यासरशी आलेले प्रश्न

मित्रांनो, बोईसरच्या एका गाळ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर घरघरणारा काळा डबा दिसला, तर तो मीच. मी एक जुना सर्व्हर आहे. एका कारखान्याने मला टाकून दिलं होतं. दांडी गावच्या मच्छीमार घरातल्या हेमांगीने मला उचलून आणलं, धूळ पुसली आणि कामाला लावलं.

काम सोपं होतं. टँकरच्या गर्दीमुळे कामगारांच्या बसगाड्या रोज वेगळ्या कोपऱ्यावर थांबतात. 'माझी बस कुठं?' असं त्यांनी फोनवर विचारायचं आणि मी सांगायचं. हे प्रश्न ज्या खिडकीतून येतात तिला एपीआय म्हणतात.

सुरुवातीला हेमांगीने माझी परीक्षा घेतली. एकामागून एक प्रश्न पाठवले. मी धडाधड उत्तरं दिली. ती खूश झाली, आणि मी तर फुशारलोच!

पण पहिल्याच दिवशी कारखान्यातली पाळी सुटली आणि माझं कंबरडं मोडलं. शेकडो प्रश्न एकदम अंगावर आले, मी गपगार झालो. सालवडच्या साखरबाईची बस चुकली. अंगात ताप असताना ती बिचारी पायी घरी गेली. मला फार वाईट वाटलं.

बसगाड्या सांभाळणारे आत्मारामकाका गाळ्यात आले. आवाज न चढवता म्हणाले, "पोरी, सोमवारी पुन्हा असं झालं तर हा डबा भंगारात दे. माझी माणसं रस्त्यात अडकून पडतात."

भंगारात!

हेमांगी तडक कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. तिथे तिला उलगडा झाला. रसायनांच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही, तो फाटकापाशीच्या खणात ठेवावा लागतो. भोंगा वाजला की सगळे एकाच वेळी फोन उचलतात, आणि उत्तर आलं नाही की पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात. तेवढ्यात साखरबाईने तिला ओळखलं.

"बाय, सोमवारी तरी तुझा डबा बोलंल ना? माझ्यानं परत चालवणार नाय."

हेमांगी धावतच निघाली. परत येऊन तिने संगणकावरून शेकडो खोट्या कामगारांचे प्रश्न एकाच क्षणी माझ्यावर सोडले. मी आडवा झालो. मग तिला दिसलं, की एकाच बसबद्दल कितीही जणांनी विचारलं तरी मी दर वेळी नव्याने माहितीच्या कोठारात धावत होतो. तिने मला उत्तर काही क्षण हाताशी ठेवायला शिकवलं. पुन्हा पाडलं, पुन्हा उभं केलं. मी पडेनासा झालो तेव्हाच ती जेवायला बसली.

सोमवारी भोंगा झाला. प्रश्नांचा लोंढा आला आणि मी एकेकाला उत्तर देत गेलो. साखरबाईला बस सापडली, बसायला जागाही मिळाली. काकांचा फोन आला, "डबा राहू दे गं."

मित्रांनो, आम्हाला दुखलं तर सांगता येत नाही, आम्ही नुसते गप्प होतो. गप्प झालेल्याला नावं ठेवण्याआधी त्याच्यावर एकदम किती येऊन पडलं, ते बघत जा. जमलं तर माणसांचंही बघा.