खुणेमागचा कागद

कारखाना निरीक्षक वसुधाबाईंनी मशीनवरच्या सुरक्षेच्या खुणेखाली नख घातलं आणि खूण सुटून हातात आली.

"स्टिकर आहे हा," त्या म्हणाल्या. "खरी खूण असती तर तिच्यामागे बनवणाऱ्याचा चाचणीचा कागद असता. तो कुठंय?"

चंद्रप्रकाश पेडणेकरांकडे तो कागद नव्हता. मुलुंडच्या त्या खोक्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं खरेदी तेच बघत होते. पुठ्ठ्याचा गठ्ठा दोन किलो कमी भरला तर ट्रकवाल्याचं डोकं खाणारा हा माणूस. आणि पुठ्ठा कापणारं एवढं मोठं धूड मात्र त्यांनी नुसता स्टिकर बघून आत घेतलं होतं!

झालं होतं असं, की मशीन नेमकं दसऱ्याच्या सकाळी उतरलं. भटजी अकरा चाळीसचा मुहूर्त धरून बसलेले, मालक धवलशेठ नारळ घेऊन उभे. खरेदीची सही झाल्याशिवाय मशीनला वीज द्यायची नाही, हा नियम खुद्द पेडणेकरांचाच. कागद मागवायचा तर दुपार होणार, आणि सणाच्या दिवशी मोडता कोण घालणार? त्यांनी खूण पाहिली, सही ठोकली, नारळ फुटला. कागद उद्या मागू, असं ते म्हणाले खरे. पण तो उद्या काही उगवला नाही.

परवा त्या मशीनने त्यावर काम करणाऱ्या सपनाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. आत हात असताना मशीन थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही.

"विकणाऱ्याला मी बघतेच," वसुधाबाई म्हणाल्या. "पण त्याने फसवलं म्हणून घेणारा सुटत नाही. माणसं तुमच्याकडे राबत होती. जबाब लिहून ठेवा, चारला नेते."

त्या गेल्यावर धवलशेठनी पेडणेकरांना केबिनमध्ये बोलावलं.

"लिहा ना, पात्यापुढे संरक्षक जाळी होती, पोरीने काढली. काम भराभर व्हावं म्हणून काढतात ना लोक! तुम्ही पण वाचता, मी पण वाचतो."

"जाळी कधी नव्हतीच, शेठ."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत."

"तिलाही माहीत आहे ना."

खरं सांगायचं तर पेडणेकरांचं मन घटकाभर डळमळलं. सव्वीस वर्षं जपलेलं नाव दोन ओळींत मातीत जाणार होतं. तरी त्यांनी लिहिलं: मशीनला जाळी नव्हती. सुरक्षेचा कागद मी मागितला नाही.

शेठनी वाचलं. "वाट लावलीत आपली. उद्यापासून येऊ नका."

चारला जबाब वसुधाबाईंच्या हातात देऊन पेडणेकर तिथून थेट इस्पितळात गेले. सपना खाटेवर पडून होती. त्यांना बघताच तिने विचारलं, "काका, कंपनी म्हणते जाळी मीच काढली. तुम्ही पण तसंच लिहिलंत?"

"नाही गं. जाळी नव्हती, असंच लिहिलं. आणि कागद मी मागितला नाही, तेही लिहिलं."

आता पोरगी एखादा बरा शब्द बोलेल अशी त्यांना आशा होती. खोटं कशाला बोला.

"म्हणजे तुम्ही न बघताच सही केलीत," सपना म्हणाली. "मी घाबरत होते त्या मशीनला. मग म्हटलं, पेडणेकर काकांनी घेतलंय ना, मग ठीकच असणार."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पेडणेकरांनी सोबत आणलेलं संत्रं सोललं, फोडी ताटलीत मांडल्या आणि ताटली सवयीने तिच्या उजव्या हाताशी ठेवली. तिथे बँडेजचं गाठोडं होतं. ते उठले, खाटेला वळसा घालून पलीकडे गेले आणि ताटली डाव्या हाताशी ठेवून तसेच उभे राहिले.