डावा कौल

सुयोगच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा जुळली ती फक्त त्याच्या थोरल्या बहिणीची, विजयमालावन्संची. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुमची राजीखुशी आहे ना?" वन्सं म्हणाल्या, "बिरदेवाला इचारून सांगते."

आमच्याकडे कौल असा लावतात: देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. ज्याचा प्रश्न, फुलं त्यानंच लावायची. वन्संनी त्यांच्या डाळजच्या देवळात लावली आणि डावं पडलं. विषय संपला. सुयोगसुद्धा म्हणाला, "देवाच्या मनात न्हाय." दिवाळीआधी तो गेला.

मला वाटलं होतं, कुणीतरी वन्संना बोलेल. कुणी चकार शब्द काढला नाही. भावकी उलट त्यांचीच समजूत काढत बसली. माझ्या पोटात नुसती आग होती, आणि ती ओकायला माणूस नव्हता. देवाशी भांडून काय मिळतं?

काल दुपारी वन्सं एकट्याच इंदापूरला आल्या. ओट्यावर बसल्या, चहाला नको म्हणाल्या.

"रेश्मा, डावं फूल मी कमी भिजवलं हुतं, ते आधी सुटणारच. मुद्दाम केलं का हातानं आपसूक झालं, माझं मलाच कळंना. आबा आपरेशनच्या टेबलावर गेलं तवापास्नं मला लय भ्या वाटतं. तू बोल मला. शिव्या दे. कुणीच बोलत न्हाय गं."

आबा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा वन्सं लहान होत्या. ती भीती काय त्यांनी मागून घेतली होती? तेच लहानपण माझ्या वाट्याला आलं असतं तर माझाही हात तसाच चालला असता. मग सुयोगला मारलं कुणी? कुणीच नाही? माझा संसार असा कुणाचाच हात न लागता मोडला? हे मला सहन होईना.

"देवाचा कौल हुता, वन्सं," मी म्हणाले. "तुमचा काय दोष?"

त्या पांढऱ्याफटक पडल्या. थोबाडीत मारली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, हे मला ठाऊक होतं. पदर सावरून त्या उठल्या.

शब्द आपसूक तोंडून गेले, असं म्हणायची सोय मलाही आहे. पण वन्सं फाटकापाशी थांबल्या, वळून माझ्याकडे बघत राहिल्या. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही.