खाटेखालचं माप

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. वसमतच्या एका दवाखान्यातला, लघवी मोजायचा जुना जग आहे मी. कारखान्यात साच्यातून निघालो, अंगावर मापाच्या रेघा उमटल्या. सोबतचे जग स्वयंपाकघरांत गेले, ताक-सरबतात रमले. मी खाटेखाली आलो. फार वाईट वाटलं.

मग एकदा सरिता सिस्टर नव्या मुलीला शिकवत होत्या. "रक्तात जंतू पसरले की मूत्रपिंडं दमतात. लघवी घटत चालली, की पेशंट हातातून निसटायला लागला समजायचं. माणूस बरं हाय म्हणंल, पण ह्या जगाचं ऐकायचं." तेव्हापासून मला माझ्या कामाची लाज वाटली नाही.

त्यानंतर कधीतरी हट्टा गावचे संतराम आले. हळद काढताना कुदळ पायाला लागली, जखम चिघळली आणि विष रक्तात गेलं. धाप लागलेली, तरी थट्टा सुटली नव्हती. "मोंढ्याच्या बाजारात हळदीचं माप बघायचो, आता माझंच माप चालू हाय."

"तिथं बी भांडायचे, इथं बी भांडा," त्यांची बायको गोजरबाई म्हणाल्या.

लघवी वाढली नाही, तर लगेच नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नळीच्या पिशवीतली लघवी घरच्यांनी माझ्यात काढायची आणि सिस्टर बघेपर्यंत तशीच ठेवायची. गोजरबाईंनी तोटी उघडली. माझा तळ जेमतेम ओला झाला. आजाऱ्याजवळ रिकामं भांडं ठेवू नये, हे त्या लहानपणापासून पाळत आल्या होत्या. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तांब्यातलं पाणी माझ्यात ओतलं.

डॉक्टर आले. त्यांनी माझी रेघ पाहिली. "सुधारणा दिसतेय. इथंच ठेवू."

मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले आणि लेक पुनम मला रिकामा करायला निघाली. उचलताच थबकली. "आई, हे गार कसं?"

गोजरबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. "रिकामं बरं दिसंना, बाई. भरलं तर बरे होतील म्हनले ना डॉक्टर?"

"बरे झाले तर भरंल म्हनले ते."

"सांगू नको. नांदेडला नेलेलं मानूस कुठं माघारी येतंय?"

"आई, सांगावंच लागंल." पुनम रागावली नाही. तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला घेऊन तडक डॉक्टरांसमोर उभी राहिली. "डॉक्टर, ह्यात पानी हाय. अण्णांची लघवी तळाला होती तेवढीच."

डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तिथंच छोट्या यंत्रावर तपासला. त्यानंही धोकाच दाखवला. गाडी आली. स्ट्रेचरवरून संतरामांनी विचारलं, "पुनम, माप बराबर झालं का?"

"बराबर झालं, अण्णा."

काही दिवसांनी ती राहिलेली चादर न्यायला एकटीच आली. सिस्टरांकडे पाहून तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "भाऊ पुण्याहून पोचला तवर अण्णा होते. बोलले त्याच्याशी."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा मला घाईनं मोरीकडे नेत होता. पुनमनं त्याला अडवलं. "दादा, सांडू नका. आधी सिस्टरला दाखवा."

मित्रांनो, मी कुणाला वाचवत नाही. हाती असलेला वेळ तेवढा दाखवतो. तुमचं माणूस खाटेवर असेल तेव्हा माझी किळस करू नका, लाज धरू नका. मला स्वच्छ ठेवा, आणि माझ्यात जेवढं येईल तेवढंच राहू द्या.