ऐंशी षटकं जगलेला चेंडू

मी लाल चेंडू बोलतोय. पण जरा लांबूनच ऐका. मला हातात घेणाऱ्या कुणावरही माझा पटकन विश्वास बसत नाही.

सवय जन्मापासूनची. एका बाईंनी मला हाताने शिवलं, उजेडात धरून टाका न् टाका तपासला. वाटलं, हिचा माझ्यावर जीव आहे. पुढच्याच क्षणी मी खोक्यात! तिथून आलो ब्रिजटाउनच्या मैदानावर, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीच्या शेवटच्या डावात. गोलंदाज मला मांडीवर घासून चमकवायचे, पण एकच बाजू. दुसरी मुद्दाम खडबडीत ठेवायचे. याला माया म्हणायचं का? गडी बाद झाला की पंच मला उलटसुलट करून बघायचे, जणू चोरी मीच केलीय.

चौथ्या संध्याकाळी पंचांच्या खोलीत शेजारी एक पांढरा चेंडू भेटला. शनिवारच्या वीस षटकांच्या सामन्यासाठी आलेला.

"चार दिवस झाले नि अजून निकाल नाही?" तो हसला. "मी तीन तासांत मोकळा. फटके, नाच, की सगळे आपापल्या घरी."

एवढं चकचकीत कुणी उगाच नसतं, असं म्हणून मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

पाचव्या दिवशी दुपारी माझी ऐंशी षटकं भरली. आता कप्तानाने नुसती खूण केली की नवा चेंडू येणार आणि मी बाद. इंग्लंडची शेवटची जोडी उरली होती, आणि त्यातला ऑल्डरसन सकाळपासून खुंटासारखा उभा होता. आमचा तरुण कप्तान कर्विन पंचांकडे निघालाच होता, तेवढ्यात फिरकी टाकणारा ऑरविल गिटन्स आडवा आला.

"थांब रे. या चेंडूत अजून जीव आहे."

मी मनात म्हटलं, आलं लक्षात! ऑरविलचा हा शेवटचा सामना, आणि या डावात त्याला एकही बळी नव्हता. नवा चेंडू आला की तो वेगवान पोरांच्या हाती जाणार. म्हणजे माझा पुळका आपल्या पोळीवर तूप ओढण्यासाठी!

तो टाकत राहिला. ऑल्डरसन अडवत राहिला. उन्हं उतरली. मासळीचे वडे विकणाऱ्या मर्लमावशी गॅलरीतून ओरडल्या, "ऑरविल, माझे वडे तळून झाले, विकून झाले, कढईसुद्धा घासून झाली! तुझं काय चाललंय?"

"दोन ठेवलेत ना माझ्यासाठी?"

"आधी त्याला घालव, मग बघू!"

सगळे हसले, तोही हसला. पण मी त्याच्या बोटांत होतो, त्यांची पकड सैल होत चाललेली मला जाणवत होती. पुढचं षटक संपलं तसा तो स्वतःच कर्विनकडे गेला.

"नवा घे."

"म्हातारबा, अजून एक षटक टाक ना. शेवटचा सामना आहे तुझा."

"माझा शेवटचा आहे म्हणून तो आऊट होणार आहे का? माझी बोटं आता चेंडू वळवत नाहीत. उजेड जायच्या आत घे."

त्याने मला एकदा घट्ट धरलं आणि पंचांच्या हातात दिलं.

पंचांच्या खिशातल्या अंधारात मला दांडी उडाल्याचा आवाज ऐकू आला, मग लोकांचा कल्लोळ. आम्ही जिंकलो होतो आणि बळी एका वेगवान पोराच्या नावावर लागला होता. मला फार वाईट वाटलं, माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी.

थोड्या वेळाने तो पंचांपाशी आला. "जुना चेंडू मला मिळेल?"

"अरे, जिंकून देणारा चेंडू तिकडे आहे."

"तो त्या पोराचा. मला हाच हवाय."

आता याला काय हवं असेल, अशी शंका मला तेव्हाही आली. आज मी त्याच्या घराच्या व्हरांड्यात असतो. संध्याकाळी तो मला हातात घेऊन बसतो आणि काही मागत नाही. माझी शिवण उसवली आहे, रंगही उडाला आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं, खेळाला थोडा वेळ द्या. मी विसाव्या षटकात संपलो असतो, तर हातात घेणारा प्रत्येक जण स्वार्थीच, असं समजून गेलो असतो.