आधी वरच्या मजल्याचं पाणी

अकोल्यातल्या त्या दोन मजली बिल्डिंगीच्या पोटातून एकच लोखंडी पाइप सरळ उभा वर गेला होता. नळ आले की पाणी त्यातून चढायचं. पण जोर असा मेलेला, की खालच्यानं तोटी पुरती फिरवली की वरच्याच्या नळातून नुसती हवा. म्हणून तळमजल्यावरच्या रुख्मिणीबाईनं कायदा केला होता. आधी सगळ्यात वरच्या घरानं भरायचं, भरून झालं की भाजीच्या कडचीनं पाइपावर टोला द्यायचा, मग त्याच्या खालच्यानं तोटी उघडायची. ती स्वतः शेवटची. मधेच कोणी तोटीला हात लावला, तर रुख्मिणीबाई त्याच्या सात पिढ्यांची आंघोळ जिन्यातच उरकायची.

त्या दुपारी नळ आले, आणि टोला काही पडेना.

रुख्मिणीबाईच्या ड्रमाचा तळ दिसत होता. नळ गेले की पुन्हा कधी येतील याचा भरवसा नाही. आज भरलं नाही, तर कोणाच्या तरी दारात पाण्याचा रिकामा पितळी गुंड घेऊन उभं राहावं लागलं असतं, आणि ही बाई आजवर चिमूटभर मिठासाठीही कोणाच्या दारात गेली नव्हती.

सगळ्यात वरच्या घरातल्या जेबाला तिनं फोन लावला. उचलला नाही. मग तिनं पाइपाला कान लावला. लोखंड गार झालं होतं. आत पाणी चढत होतं, भर झोपेत कोणी श्वास घ्यावा तसं. आणि वर, लई दूर, ते पडतही होतं, भरलेल्या भांड्यात पडतं तसं, जाड, सावकाश.

म्हणजे ड्रम भरून वाहत होता. गुडघ्यांना शिव्या देत रुख्मिणीबाई निघाली.

पहिल्या मजल्यावर महेजबीन रिकाम्या भांड्यांची रांग लावून दारात उभी होती. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तर तिला नळाला हात न लावायची ताकीद मिळाली. पुढच्या पायऱ्या चढताना रुख्मिणीबाई पाइपाला धरून थांबली. तळव्याखाली पाणी सरकत होतं. तिला वाटलं, आपण जिना चढतच नाही, पाण्यासोबत पाइपातून वर जाऊन राहिलो. कुठं गुडघे, कुठं वय. लहानपणी कौंडण्यपूरच्या जत्रेत वर्धा नदीत पाय सोडून बसलेली ती पोर तेवढी हलकी हलकी वर चालली होती.

वरचं दार नुसतं लोटलेलं. फरशीवर पाणी पसरलं होतं आणि त्याचं ऊन छतावर डुलत होतं. नवरा शाहनवाज अमरावतीला दुकानावर, घरात जेबा एकटी. न्हाणीच्या भिंतीला टेकून ती झोपली होती, हातात कडची, छातीवर नुकतं महिन्याचं झालेलं लेकरू. रात्र रात्र बिल्डिंग डोक्यावर घेणारं ते लेकरू आज पाण्याच्या आवाजानं तोंड उघडं टाकून निजलं होतं.

जिन्यात जुळवलेलं सगळं बोलणं रुख्मिणीबाईच्या ओठावर आलं होतं. तिनं आधी तोटी बंद केली. आवाज थांबला, तसं लेकराचं तोंड वाकडं झालं. तिनं तोटी पुन्हा दोऱ्याएवढी उघडली. धार भरल्या ड्रमात पडू लागली आणि लेकरू निवळलं. ती धार आपल्याच वाट्याची आहे हे तिला कळत होतं. जेबाच्या बोटांतून तिनं कडची सोडवली, पाइपावर उगारली, आणि खाली ठेवून दिली.

महेजबीनच्या दाराशी येऊन ती कधी नव्हे ते हळू बोलली.

"तोटी अर्धीच उघड. अन् भांडे आदळू नको."

"जेबा झोपली होती काय, काकू?"

"पाइपात हवा अडकली होती."

महेजबीनचं भरून होईपर्यंत रुख्मिणीबाई आपल्या बंद तोटीसमोर बसून राहिली. तिची पाळी आली तेव्हा नळानं दोन गुळण्या टाकल्या आणि एक लांब सुस्कारा. बस्स.

ती बराच वेळ गुंडाकडे बघत राहिली. मग तो उचलून जिना चढली.

"मले पाणी पाहिजे," ती महेजबीनच्या दारात म्हणाली. एवढे तीन शब्द बोलायला तिला जिन्यापेक्षा जास्त दम लागला.

महेजबीननं गुंड काठोकाठ भरला. "काकू, मी भरत होती तवा वरून बारीक धार ऐकू येऊन राहिली होती. हवाच होती का ते?"

"हवाच होती."

"मंग मी काही बोलत नाई बाप्पा." महेजबीननं गुंड स्वतःच्या कमरेवर घेतला आणि पायऱ्या उतरू लागली.

"हळू चाल," रुख्मिणीबाई मागून म्हणाली. "सांडलं तर मी पुन्हा मागाले येणार नाई."