कंपासपेटीतला चंद्र

मी एक जुना लाकडी चंद्र आहे. हसू नका, मित्रांनो! आकाशातल्या चंद्राशी माझं काही नातं नाही. मी आपला अंगठ्याएवढा शिक्का. वर धरायला मूठ, खाली कोरलेली चंद्रकोर. आकाशातला वाढतो, घटतो, पंधरा दिवसांनी तोंड लपवतो. माझी कोर होती तेवढीच राहिली. अमावस्या मात्र मलाही चुकली नाही. माझी एकतीस वर्षं टिकली, आणि तिचीच ही गोष्ट आहे.

एका लहानशा गावात, बाजाराच्या कोपऱ्यावर, औषधांचं एकच दुकान होतं. तिथल्या औषधवाल्यांना सगळं गाव काका म्हणायचं, म्हणून मीही काकाच म्हणतो. एकदा एका म्हाताऱ्या हमालानं दिवसभराच्या तीन गोळ्या सकाळीच एकदम गिळल्या. बिचाऱ्याला पुडीवरचं वाचता येत नव्हतं. त्याला वाटलं, एकदाची कटकट मिटेल. कटकट मिटता मिटता तोच मिटायचा! दोन दिवसांनी तो उठून बसला, तेव्हा कुठे काकांच्या जिवात जीव आला. मग ते मोडक्या खुर्चीचा पाय घेऊन शेजारच्या सुताराकडे गेले.

"यातून तीन शिक्के कोरून दे. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र."

"सूर्य आत्ता देतो," सुतार म्हणाला, "चंद्राला पंधरवडा लागेल. हळूहळूच वाढतो ना तो!"

चेष्टाच ती. अर्ध्या तासात त्यानं आम्हा तिघा भावंडांना घडवलं. काकांनी एका पत्र्याच्या डबीत तीन खाचा करून आम्हाला शेजारी शेजारी बसवलं आणि जांभळ्या शाईच्या गादीवर आमची पहिली आंघोळ झाली.

त्या दिवसापासून दुकानातून शिक्क्याशिवाय पुडी गेली नाही. काकांची आणखी एक खोड होती. पुडी हातात दिली तरी ते सोडायचे नाहीत. गिऱ्हाईकाला म्हणायचे, "आता परत सांगा." मग सरदार असो की सफाईवाला, प्रत्येकाला म्हणून दाखवावं लागायचं, "सूर्याची सकाळी, मोठ्या सूर्याची दुपारी, चंद्राची रात्री जेवल्यावर." त्यावर काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आणि जेवण एकट्यानं नाही. घरच्यांबरोबर बसून. तरच औषध अंगी लागतं." खरं सांगू, त्या वेळी मी फुशारून जायचो. सूर्यांना असं काही सांगणं नव्हतं ना!

आणि काका स्वतः? ते रोज रात्री एकटेच जेवायचे. माणसं कामावरून सुटली की दुकानात यायची, त्यामुळे खरी गर्दी संध्याकाळीच. दुकान बंद केलं तरी काका सायकल काढून कुणा आजाऱ्याच्या दारात औषध पोचवायचे. घरी पोचेपर्यंत ताट निवलेलं आणि लेक झोपलेली.

ही लेक म्हणजे चिमी. आठ वर्षांची, दोन वेण्यांची, आणि बोलायला लागली की मिरची! शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि पुड्यांवर शिक्के मारायची. आम्हाला तिचा हात फार आवडायचा.

"बाबा, आज तरी जेवायला येणार का?" ती रोज विचारायची.

"बघू गं, बाळा. उद्या नक्की."

काकू घरात म्हणायच्या, "गावाच्या पोटात काय दुखतं ते यांना कळतं. घरच्या पोटाचं कोण बघणार?" त्या रागानं म्हणायच्या आणि ताटावर झाकण मात्र जपून ठेवायच्या.

एका संध्याकाळी चिमीनं मला उचललं आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, संध्याकाळी येतात ते सगळे रात्रीचं औषध न्यायला येतात ना?"

"बहुतेक."

"म्हणजे या चंद्रासाठीच तुम्ही थांबता."

काका गोळ्या मोजत होते. "हो, तसंच म्हण," ते न बघताच म्हणाले.

झालं! निघताना चिमीनं मला मुठीत धरलं ते धरलंच. चंद्रच नसला की रात्रीच्या पुड्या बंद, पुड्या बंद की गर्दी बंद, आणि गर्दी नाही म्हणजे बाबा जेवायला घरी. आठ वर्षांच्या डोक्यातला हिशेब तो, मला त्यात एकही चूक दिसली नाही. त्या रात्री ती मला उशाशी घेऊन झोपली. झोपेत तिचा गाल माझ्यावर आला. सकाळी काकूंनी तो साबणानं खसाखसा चोळला. "हे काय गं जांभळं? शाईत लोळलीस की काय!"

पण घडलं भलतंच, मित्रांनो. रात्रीच्या पुड्या काही बंद झाल्या नाहीत. काका पेनानं चंद्र काढू लागले. औषधात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, चित्रकलेत मात्र आनंदच होता. चार दिवसांनी भाजीवाली आजी दुकानात येऊन म्हणाली, "काका, रात्री गोळीबरोबर केळं खायला सांगितलंत ना, मी दोन दोन खाल्ली. झोप काय छान लागली!" सगळं दुकान हसलं. पण काका घाबरले. आज केळं झालं, उद्या काय होईल? मग ते प्रत्येकाला चंद्र दाखवून दोन दोनदा म्हणवून घेऊ लागले. त्यात आणखी वेळ जाऊ लागला. काका घरी आणखी उशिरा येऊ लागले.

केळ्याची गोष्ट काकूंनी घरी सांगितली तेव्हा चिमी आधी खो खो हसली आणि मग कंपासपेटी पोटाशी धरून रडली. मी आतच होतो. उद्या परत देते, तिनं मला सांगितलं. उद्या झाला. दुसरा उद्या झाला. जितका उशीर, तितकी भीती. शेवटी द्यायचं राहिलं ते राहिलंच.

पेटी शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून दूरच्या शहरात नोकरीला गेली. पट्टी मोडली, पेन्सिली संपल्या, मी होतो तिथेच. मला काकांच्या बोटांची फार आठवण यायची. त्या बोटांना कापराचा वास यायचा. माझ्या डबीतली रिकामी खाच आठवायची. दोन्ही सूर्य अजून कामावर असतील, असं मनात यायचं आणि जीव कासावीस व्हायचा. कधीकधी चिमी मला बाहेर काढून तळहातावर दाबायची. शाई कधीच वाळली होती. हातावर काहीच उमटायचं नाही. सुट्टीत गावी जाताना ती मला आठवणीनं पिशवीत टाकायची आणि निघायच्या वेळी तितक्याच आठवणीनं काढून ठेवायची. तिचं तिलाच माहीत.

मग काकू गेल्या. काकांचे डोळे अधू झाले, हात थरथरू लागले, आणि दुकान बंद झालं. ज्यांनी अख्ख्या गावाकडून "परत सांगा" म्हणवून घेतलं, त्या काकांनी एके दिवशी स्वतःच सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी घेतली. शेजारच्या सुताराला ते बंद दुकानाच्या ओट्यावर बसलेले सापडले, पांढरेफटक. त्यानं चिमीला फोन केला. आठवड्याच्या आत तिनं बदली मागून घेतली. या वेळी मला पिशवीतून बाहेर काढलं नाही.

संध्याकाळ होती. काका खिडकीशी बसले होते. चिमीनं टेबलावर त्यांच्या गोळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि कपाटातली पत्र्याची डबी उघडली. मित्रांनो, माझे दोन्ही भाऊ झिजून गुळगुळीत झाले होते. मधल्या एकतीस वर्षांत माझ्या खाचेत दुसरा कुणी आला नव्हता. तिनं गादीवर शाई ओतली. एक पुडी, उगवता सूर्य. दुसरी, डोक्यावरचा सूर्य. मग तिचा हात थांबला. तिनं कंपासपेटी उघडली.

मी उमटलो. थोडा फिका, पण अख्खा.

काकांनी पुडी डोळ्यांजवळ नेली. खूप वेळ बघितली. "आणलास का गं?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच रात्री कळलं. घरी आलो तर तुझ्या गालावर चंद्र उगवलेला."

चिमीनं मला खाली ठेवलं. "मग मागितला का नाहीत? दुसरा का नाही कोरून घेतलात? बाबा, लोक केळी खात होते!"

काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं, तू आणून देशील तेव्हा विचारीन, का गं नेलास? तू म्हणशील, तुम्ही जेवायला यावं म्हणून. मग मी दुकान लवकर बंद करीन. तू दिला नाहीस आणि मी विचारलं नाही. कामात दिवस गेले गं. चुकलंच माझं."

"माझंही," चिमी म्हणाली.

नेणारी चिमी, सगळं माहीत असलेले काका आणि पेटीत पडून असलेला मी, आम्ही तिघं एकाच गोष्टीची वाट बघत होतो, आणि बोललं कुणीच नाही. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे. कुणाची वस्तू घेतली असेल तर ती परत करा. आणि ती ज्यासाठी घेतली, तेही सांगून टाका. उद्यावर ठेवू नका. उद्या फार लबाड असतो.

चिमीनं पुडी काकांच्या हातात दिली, पण सोडली नाही. "आता परत सांगा."

"चंद्राची," काका म्हणाले. "रात्री, जेवल्यावर."

"आणि जेवण?"

काका उठले, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरून दोन ताटं काढून आणली.